चामड्याच्या म्यानाच्या बाजूने

सुरीचे म्यान चामड्याचे, हाताने शिवलेले आणि हाताने रंगवलेले असावे, असा आग्रह धरला की अलीकडे एक ठरावीक उत्तर मिळते. तापवून साच्यात वळवलेले प्लॅस्टिकचे म्यान पाण्याने खराब होत नाही, त्याला बुरशी येत नाही, ते चटकन तयार होते आणि स्वस्त पडते. चामडेच हवे असेल तर बाजारात मिळेल ते मऊ चामडे घ्या, मशीनवर शिवा आणि वरून काळा रंग मारा. बाकी सगळी शौकिनांची हौस. हे मत ट्रेकिंगच्या मंडळींत ऐकू येते, घरी चांगल्या सुऱ्या बाळगणाऱ्यांत ऐकू येते आणि सुऱ्या घडवणाऱ्या काही नव्या कारागिरांतही रुजू लागले आहे. पोलादाच्या जातीवर आणि पाणी देण्याच्या पद्धतीवर तासन्‌तास बोलणारा माणूस म्यानाचा विषय निघताच "लावून देऊ काहीतरी" म्हणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी म्याने शिवतो आणि रंगवतो, तेव्हा माझी बाजू कोणती हे उघड आहे. पण माझा आक्षेप धंद्याच्या काळजीतून आलेला नाही. म्यान म्हणजे पात्यावर चढवलेले वेष्टन, असे या मताने आधीच गृहीत धरले आहे. ते गृहीतक चुकीचे आहे आणि त्यातून निघालेला जवळपास प्रत्येक सल्ला धोक्याचा आहे.

म्यानाची कामे आधी नीट सांगतो. धारेपासून माणसाला वाचवणे हे पहिले. दगड, किल्ल्या, दुसरी भांडी यांच्यापासून धारेला वाचवणे हे दुसरे. माणूस वाकला, धावला, झाडावर चढला तरी सुरी जागची हलता कामा नये आणि हवी तेव्हा एका हाताने सुटली पाहिजे, हे तिसरे. आत आलेला ओलावा बाहेर जाऊ देणे हे चौथे. यातले एकही काम शोभेचे नाही. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात ओट्झी नावाने ओळखला जाणारा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळ गारगोटीचा खंजीर होता आणि त्या खंजिराला लिंडेन झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेले म्यान होते. ज्याच्या खंजिराला धातूचे पातेसुद्धा नव्हते त्या माणसाने म्यानासाठी वेगळा पदार्थ निवडला, वेगळे तंत्र वापरले. म्यान ही नंतर सुचलेली गोष्ट असती तर एवढ्या कष्टाचे कारण नव्हते.

आता चामड्याच्या म्यानाची रचना पाहू. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची एक अरुंद पट्टी बसवतात. बाहेरून ती कडेच्या एका रेषेएवढीच दिसते. सुरी आत-बाहेर करताना धार या पट्टीवर टेकते आणि शिवणीचा दोरा तिच्यामागे सुरक्षित राहतो. ही पट्टी नसेल तर धार रोज थोडा थोडा दोरा कापत जाते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. एके दिवशी माणूस घसरून कमरेवर आपटतो आणि पाते शिवण फाडून मांडीत जाते. मशीनवर शिवलेल्या स्वस्त म्यानांत बहुधा हीच पट्टी गाळलेली असते, कारण ती घातली की जाडी वाढते आणि साध्या मशीनची सुई ती जाडी ओलांडत नाही. पैसे वाचवायला नेमका तोच भाग काढला जातो, ज्यासाठी म्यान घ्यायचे असते.

शिवणीचेही तेच. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात आणि ते चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकलेले असतात. एक दोरा तुटला की दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि शिवण उसवत जाते. खोगीर शिवणाऱ्यांच्या पद्धतीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी जातात. दोऱ्याला मधमाशांचे मेण लावलेले असते, ते भोकात घट्ट बसते. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी राहतात. ही पद्धत हळू आहे आणि हात दुखवते. पण जिथे शिवण सुटल्याने रक्त येऊ शकते तिथे हळू काम हा दोष ठरत नाही.

मग चामडे कोणते घ्यायचे? "चामडे ते चामडे" असे म्हणणाऱ्यांना माझा सगळ्यात कडक विरोध आहे. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४मध्ये अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि १८९३मध्ये मार्टिन डेनिसने ती पद्धत एकाच टाकीत आणून सोपी केली. पूर्वी जे काम आठवडे आणि महिने घेई ते एक-दोन दिवसांत होऊ लागले. आज जगातले बहुतांश चामडे असे क्रोमचे असते. ते मऊ, लवचीक आणि उष्णता सोसणारे असते. बुटाचा वरचा भाग, पर्स, जाकीट यांसाठी ते उत्तम आहे, आणि मी त्याला नावे ठेवत नाही. पण म्यानाला जे लागते ते नेमके त्याच्याजवळ नाही. ते दिलेला आकार धरून ठेवत नाही. कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार नीट धुतले गेले नसतील तर ते पात्याला गंज चढवतात. आणि मऊ म्यानातून धार बाहेरच्या बाजूला टेकत राहते.

सालीने आणि फळांनी कमावलेले चामडे, ज्याला कारागीर हल्ली 'व्हेज टॅन' म्हणतात, ते वेगळ्या स्वभावाचे असते. साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीचा तुकडा कोमट पाण्यात बुडवावा, बुडबुडे यायचे थांबले की काढावा, थोडा सुकू द्यावा आणि पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सुरीभोवती बोटांनी दाबत बसवावा. मुठीचा उंचवटा, पात्याचा खांदा, सगळे त्यात उमटते. सावलीत सुकले की तो आकार टिकतो आणि सुरी बटणाशिवाय, पट्ट्याशिवाय नुसत्या घर्षणाने धरली जाते. यातही माहिती लागते. असे चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते, तर क्रोमचे चामडे १०० अंशांच्या आसपास तग धरते. त्यामुळे व्हेज टॅन उकळत्या पाण्यात टाकले तर काही क्षणांत वेडेवाकडे होऊन हातचे जाते. कोमट आणि कढत यातला फरक कारागिराच्या बोटाला कळावा लागतो.

हे चामडे परदेशातून आणावे लागते, असा एक समज आहे. तोही खोटा आहे. कोल्हापूर भागात कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरायचे, ती टांगून ठेवायची आणि झिरपलेले पाणी पुन्हा पुन्हा आत ओतायचे, अशी कमावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोल्हापुरी चपलेचा कडक, टिकाऊ तळ याच रीतीचा. तमिळनाडूत तरवडाच्या सालीवर कमावलेले 'ईस्ट इंडिया' चामडे एकेकाळी जगभर जात असे. देशात चर्मसंशोधनाची मोठी राष्ट्रीय संस्था चेन्नईत १९४८पासून उभी आहे. म्यानाला लागणारे चामडे आणि त्याचे शास्त्र, दोन्ही आपल्याकडे आहेत.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. चामड्यात पाते गंजते. हे खरे आहे. सालीने कमावलेले चामडे आम्लधर्मी असते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात साध्या पोलादाची सुरी चामड्याच्या म्यानात महिनाभर ठेवली तर तिच्यावर डाग पडणारच. म्हणून जाणकार पहिल्यापासून सांगत आले आहेत की चामड्याचे म्यान सुरी नेण्यासाठी असते आणि साठवण्यासाठी नसते. घरी आले की सुरी बाहेर काढावी, पुसावी, तेलाचा हात द्यावा. ज्यांना पाते दीर्घकाळ म्यानातच ठेवायचे होते त्यांनी उत्तरही शोधले होते. आपल्याकडच्या तलवारींची म्याने आतून लाकडाची आणि वरून चामड्याची किंवा मखमलीची असत. नेपाळच्या खुकुरीचे म्यान दोन लाकडी फळ्यांवर म्हशीचे चामडे ताणून करतात. तिथे पाते घडवणारा कामी आणि चामडे चढवणारा सार्की, असे परंपरेने दोन वेगळे कसबी मानले गेले. जपानी सुऱ्यांचे म्यान होनोकी लाकडाचे असते. फिनलंडच्या पुक्को सुरीच्या म्यानात चामड्याच्या आत लाकडाचा साचा बसवतात. पाते लाकडाला टेकते, चामडे बाहेरचा मार सोसते. गंजाचा प्रश्न कारागिरांना ठाऊक होता आणि त्यांनी तो प्लॅस्टिकच्या कित्येक शतके आधी सोडवला होता.

प्लॅस्टिकलाही त्याचे श्रेय देऊ. म्यानांसाठी वापरले जाणारे कायडेक्स हे अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी यांचे मिश्रण मुळात विमानांच्या अंतर्भागासाठी तयार झाले. समुद्रात उतरणाऱ्याला, मासेमारी करणाऱ्याला, जिथे सुरीबरोबर म्यानही रोज धुवावे लागते अशा खाटीकखान्याला ते योग्य आहे. तिथे मी स्वतः चामडे सुचवणार नाही. पण "पाणी शिरत नाही" हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. तोंडातून पाणी आत जातेच, आणि तळाशी भोक नसेल तर तिथेच साचून राहते. वाळूचा कण आत गेला की तो कडक भिंतीवर अडकतो आणि प्रत्येक वेळी पात्यावर ओरखडा काढतो. म्यान तडकले तर ते टाकून द्यावे लागते. चामड्याची शिवण सुटली तर रस्त्याकडेच्या चर्मकार दादांकडे आरी आहे, मेणाचा दोरा आहे, आणि थोड्या वेळात म्यान पुन्हा कामाला येते.

यानंतर रंग. इथे गैरसमज सगळ्यात खोल आहेत, म्हणून इथे मी जास्त थांबतो. रंग म्हणजे सजावट, किंवा खराब चामडे झाकण्याची युक्ती, असे म्हटले जाते. चामड्यावर चढवलेला जाड थर आणि चामड्यात मुरलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आरोपात विसरले जाते. पहिला प्रकार झाकतो. त्याच्याखाली जनावराच्या अंगावरचे ओरखडे, गोचिडीचे व्रण, शिरांच्या रेषा सगळे दिसेनासे होते, आणि चामडे वाकले की तो थर तडकून सुटतो. मुरणारा रंग यातले काहीच लपवत नाही. उलट व्रण जास्त गडद उठून दिसतो, कारण तिथे तंतूंची वीण वेगळी असते. म्हणून वाईट चामडे घेणारा थर लावतो, आणि चांगले चामडे घेणाऱ्यालाच मुरणारा रंग परवडतो.

त्यातही क्रम चुकवून चालत नाही. आधी आकार द्यायचा आणि पूर्ण सुकू द्यायचे. मग रंग, तोही पातळ हातांनी, कापडाच्या बोळ्याने गोल फिरवत. एकदाच गडद ओतला तर डाग पडतात. स्पिरिटमधला रंग लवकर वाळतो पण चामड्यातले तेल ओढून नेतो, म्हणून नंतर तेल द्यावेच लागते, नाही तर वाकवताच भेगा दिसतात. तेल किंवा मेण आधी लावले तर रंग मुरतच नाही. रंग वाळल्यावर कोरड्या कापडाने सुटा रंग निघेपर्यंत पुसायचे. शेवटी पांढरे ओले फडके घासून पाहायचे. फडक्यावर रंग आला तर तो उद्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर येणार. बुटाच्या पॉलिशने काळे केलेले म्यान या परीक्षेत नापास होते, कारण पॉलिश हे मेण आहे आणि ते पृष्ठभागावरच राहते. म्यानाचा आतला भाग मात्र कोरा सोडावा, स्वयंपाकाच्या सुरीचा तर नक्कीच. ज्या पात्याने भाजी चिरायची त्याला रंग लागण्याचे कारण नाही.

काळ्या रंगाची गोष्ट या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोखंडाचे खिळे किंवा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवले की लोहाचा क्षार तयार होतो. ते पाणी सालीने कमावलेल्या चामड्यावर फिरवले की पाहता पाहता ते निळसर काळे पडते. त्या पाण्यात काळा रंग नसतोच. चामड्यातले टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन काळेपणा तंतूंच्या आतच जन्मतो, म्हणून तो घासून जात नाही. क्रोमच्या चामड्यावर हेच पाणी फिरवा, असा काळा उतरणार नाही, कारण तिथे टॅनिन नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांपासून शाई होते ती याच नात्याने. आंध्रातल्या कलमकारीत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि मग लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने त्यावर काळी रेघ ओढतात, तीही याच नात्याने. शाईचा लेखनिक, कापडाचा रंगारी आणि चामड्याचा कारागीर यांनी एकच रसायन तीन पदार्थांवर चालवले. एवढे ज्ञान ज्या कामात आहे त्याला 'वरून रंग मारणे' म्हणणे अन्यायाचे आहे.

या रसायनाला शिस्तही लागते. लोहाचे पाणी आम्लधर्मी असते. ते चामड्यात तसेच सोडले तर जुन्या हस्तलिखितांत लोहाच्या शाईने कागद जसा कुरतडला गेला तसे चामड्याचे तंतू कमजोर होतात. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते शांत करावे लागते, पुन्हा धुवावे लागते आणि नीट वाळल्यावर तेल द्यावे लागते. तपकिरीसाठी काथ आहे. खैराच्या गाभ्यातून निघणारा काथ रंग देतो आणि तो स्वतःच टॅनिनयुक्त असल्यामुळे चामड्याला घट्टही करतो. कोकणात कातकरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काथ काढला. म्हणजे रंगाची ही विद्या आपल्या रानाशी आणि आपल्या माणसांशी जोडलेली आहे.

शेवटचा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण तो तंत्राचा नाही. काही जण म्हणतात की हाताने केलेल्या चामड्याच्या कामाचे गोडवे गाणे म्हणजे जातीने लादलेल्या कामाचे गोडवे गाणे. ढोरांनी कातडी कमवायची, चांभारांनी शिवायची, दुर्गंधी आणि अपमान त्यांच्या वाट्याला, आणि शहरातल्या हौशी माणसाने त्यालाच 'लेदरक्राफ्ट' म्हणून मिरवायचे. या आक्षेपातला राग रास्त आहे. १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. सक्तीच्या आणि अपमानाच्या कामातून बाहेर पडणे हा त्यांच्या माणुसकीचा हक्क होता आणि आहे. ज्याला हे काम नको त्याला ते सोडता आलेच पाहिजे.

पण या आक्षेपावरून विद्याच टाकून द्या, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. अपमान कामात नव्हता, तो काम लादणाऱ्या व्यवस्थेत होता. ज्यांनी टॅनिन आणि लोह यांचे नाते हातांनी ओळखले त्यांना जाणकार म्हणायला आपण तयार नसलो, तर तो अपमान आपण पुढे चालवत आहोत. प्लॅस्टिकचे म्यान घेऊन कोणाचाही सन्मान वाढत नाही. सन्मान वाढतो तो कारागिराचे नाव वस्तूवर असल्याने, त्याला वेळेचे पैसे मिळाल्याने, आणि ही विद्या कोणत्याही जातीच्या मुलामुलींना शिकता आल्याने. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर फॅशन कंपनी प्राडाने तशाच चपला उल्लेखाविना दाखवल्या तेव्हा महाराष्ट्र संतापला, आणि कंपनीला त्या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य करावे लागले. तो संताप योग्य होता. मात्र मिलानकडे श्रेय मागणाऱ्या समाजाने आपल्या गल्लीतल्या कारागिराला त्याच्या दिवसभराच्या कामाचा पूर्ण मोबदलाही दिला पाहिजे. नाही तर मानांकन कागदावर राहील आणि बाभळीच्या सालीचे कुंड बंद पडेल.

म्यान हा त्या कुंडांना मिळू शकणारा एक नवा आधार आहे. शेतकऱ्याचा कोयता, ट्रेकरची सुरी, स्वयंपाकघरातली धारदार सुरी, या सगळ्यांना म्यान लागते आणि आज ते बहुतेकदा निकृष्ट मिळते. कडक व्हेज टॅन, जाड शिवण, सालीचा आणि लोहाचा रंग ही आपल्या चर्मकारांची ओळखीची सामग्री आहे. राज्यात चर्मोद्योगासाठी संत रोहिदासांच्या नावाचे महामंडळ आहे. त्याच्या प्रशिक्षणात चपलेच्या शेजारी म्यानाला जागा मिळाली पाहिजे, ही माझी मागणी आहे.

आणि विकत घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की म्यान हातात घेतल्यावर चार गोष्टी विचारा. चामडे कशाने कमावले आहे? धारेच्या बाजूला मधली पट्टी आहे का? शिवण दोन सुयांची आहे का? ओले पांढरे फडके घासल्यावर रंग सुटतो का? उत्तरे देता न येणाऱ्याकडून म्यान घेऊ नका. चारही उत्तरे बरोबर देणारा कारागीर भेटला तर तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या, कारण त्या किमतीत तुमच्या कमरेची आणि मांडीची सुरक्षितता आहे.